फिजिओथेरपीच्या अभ्यासासाठी मेंदूचे मॉडेल : रत्नागिरीतील अनुभव

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना चेतासंस्था हाताळून शिकता यावी, म्हणून आमच्या अभ्यासगटाने आठ भागांत सुटणारे मेंदूचे प्लास्टिकचे मॉडेल ऑनलाइन मागवले. पावसाळाभर वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

या मॉडेलचा खरा उपयोग दोन्ही अर्धगोल वेगळे केल्यावर कळतो. पायाच्या हालचालींचे क्षेत्र मेंदूच्या आतल्या, मधल्या पृष्ठभागावर उतरते आणि हात व चेहऱ्याचे बाहेरच्या बाजूला असते, ही गोष्ट पुस्तकातल्या सपाट आकृतीत सहसा नीट उमगत नाही. मिडल सेरेब्रल आर्टरी ही मेंदूची एक मोठी धमनी प्रामुख्याने बाहेरच्या भागाला रक्त पुरवते; त्यामुळे तिच्यातील अडथळ्याने अर्धांगवायू झालेला रुग्ण पुष्कळदा चालू लागतो, पण त्याचा हात मात्र मागे राहतो, याचे कारण येथे बोट ठेवून दाखवता येते. लहान मेंदूही स्वतंत्र निघतो.

मात्र इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे मेंदूच्या खोल भागातला तंतूंचा पट्टा, या मॉडेलमध्ये नीट दिसत नाही, आणि ही उणीव मोठी आहे. हालचालींचे तंतू तेथे इतके दाटीने एकत्र येतात की छोट्याशा इजेनेही विरुद्ध बाजूचे संपूर्ण अंग लुळे पडू शकते. परंतु त्यासाठी आडवा छेद हवा आणि येथे केवळ उभा आहे. बहुतेक तंतू लंबमज्जेच्या (मेंदूच्या देठाच्या सर्वांत खालच्या भागाच्या) खालच्या टोकाशी बाजू बदलतात, तेथेही नुसता गुळगुळीत फुगवटा आहे.

मेरुरज्जू तर मुळीच नाही. नारळ-आंब्याच्या झाडांवरून पडून मणक्याला इजा झालेले रुग्ण कोकणातल्या फिजिओथेरपिस्टला नवे नाहीत. प्रौढांमध्ये मेरुरज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या वर रज्जूलाच इजा झाली तर पायांचे स्नायू कालांतराने ताठरतात, खालच्या मज्जामुळांना (रज्जूतून निघणाऱ्या चेतांच्या मुळांना) झाली तर ते ढिले राहून बारीक होतात, आणि व्यायामाची आखणी त्यानुसार बदलते.

भाग जोडणाऱ्या पिना लोखंडी असल्याने खाऱ्या दमट हवेत लवकर गंजल्या. गंजाचे डाग लाल धमन्यांच्या शेजारीच पडल्यामुळे नवख्या विद्यार्थ्याला तीही एखादी रक्तवाहिनी वाटावी. पहिल्या वर्षासाठी मॉडेल घेण्याजोगे आहे. पुढच्या वर्षांसाठी पाठीच्या कण्याचे मॉडेल वेगळे घ्यावे लागेल, आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी पिना पितळी आहेत का, हे विक्रेत्याला आधी विचारावे.