उद्यमनगरातलं टू-व्हीलर गॅरेज: गाडी उशिरा, पण बिल कामाचं

पाचातले चार स्टार. एक कापला, कारण बसायला जागा नाही आणि फोन कुणी उचलत नाही.

आमच्या ह्यांची स्प्लेंडर रात्री रस्त्यातल्या चरीत गेली. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदलेला, वर नुसती माती लोटलेली, पावसानं ती खचलेली. ना बॅरिकेड, ना लाल दिवा. ह्यांच्या मनगटाला प्लास्टर. गाडीची रिम बेंड, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या) नळ्या वाकलेल्या, कोनसेट म्हणजे हँडलखालचं बेअरिंग गेलेलं.

भावानं गाडी टेम्पोत घालून नेली, मी सोबत. मिस्त्रींनी चाक फिरवून बघितलं आणि दराचं बोलायच्या आधी विचारलं, "वहिनी, चरीचा फोटो काढलाय काय? मोजपट्टी आत धरून काढा. बोंबाबोंब झाली की रातोरात बुजवत्यात." कामाच्या फलकाचाही काढायला लावला, ठेकेदाराचं नाव आणि दोष दायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत) त्यावरच असतो. बिलावर लिहून दिलं, 'रिमला खालून मार, समोरून धडकेची खूण नाही.' खाली सही-शिक्का. वाकलेल्या नळ्या पोत्यात बांधून परत दिल्या.

ह्याचं मोल वकिलांकडं गेल्यावर कळलं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 198अ कलम आलंय. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणं नसल्यामुळं कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदार, सल्लागार, संबंधित यंत्रणा यांना दंड. जास्तीत जास्त 1 लाख! माणूस गेला तरी तेवढाच, आणि तोही सरकारी निधीत जमा. आमच्या उपयोगाचा निघाला मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2025 चा आदेश: खड्ड्यामुळं मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम दोषी ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. खचलेली चर म्हणजे खड्डाच की! अर्ज टाकलाय. वकील म्हणाले, दवाखान्याचे कागद सगळेच आणतात, असं बिल कुणी आणत नाही.

बाकी काम चोख. रिम ठोकून सरळ करा म्हटलं तर ऐकलं नाही, नवीच घातली. मजुरी वाजवी. हँडल आता जराही ओढत नाही, असं भाऊ म्हणतो; ह्यांना अजून चालवू दिलेली नाही. गाडी मात्र सांगितल्यापेक्षा आठवडाभर उशिरा मिळाली. आणि पक्कं बिल पाहिजे असेल तर आधीच सांगा, नाहीतर स्पेअरच्या पुठ्ठ्यावर आकडे लिहून हातात देतात.