पाटावर ‘ळ’ नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं, “ताई, यंदा भुताची द्या. पण मुंजा-हडळ नको, जरा नवीन काहीतरी.” मी प्लँचेट धरलं, म्हणजे आत्म्याला बोलावून अक्षरांच्या पाटावर उत्तरं मिळवायचा प्रकार. आमच्या पिढीला ते जुनंच, पण आता मोबाइलवर वाढलेल्यांना नवीन वाटेल असा हिशेब. कथेत एखादी वस्तू आली की ती एकदा तरी हातात धरून बघायची माझी खोड आहे, म्हणून ऑनलाइन ओइजा बोर्ड मागवला. ७४९ रुपये, घरपोच, चार दिवसांत. हे त्याचंच परीक्षण. कुणाकडून घेतला ते लिहीत नाही. माझ्या निम्म्या तक्रारींत त्या विक्रेत्याची चूकच नाही.

आधी वस्तूबद्दल. मधोमध घडी पडणारा एमडीएफचा पाट, वर इंग्रजी अक्षरांच्या दोन कमानी, खाली आकडे, कोपऱ्यांत ‘येस’ आणि ‘नो’, तळाशी ‘गुडबाय’. सोबत बदामाच्या आकाराचं, तीन पायांचं फळकूट, त्यात गोल भिंग. खरं तर प्लँचेट म्हणजे हे फळकूटच. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ छोटी फळी. आपण अख्ख्या प्रकारालाच ते नाव देऊन टाकलं. पायांना फेल्टच्या चकत्या होत्या, त्यातली एक दुसऱ्याच दिवशी निघाली. घडीची खाच नेमकी ‘जी’ आणि ‘टी’वरून जाते, त्यामुळे आत्मा कुठूनही येवो, या दोन अक्षरांवर ठेचकाळतोच. खोक्याला गोंदाचा असा वास, की वेगळी उदबत्ती लावावीच लागली.

सोबतच्या माहितीपत्रकात ‘प्राचीन गूढविद्या’ वगैरे लिहिलंय. प्राचीन कसली? १८९१ साली अमेरिकेत एलायजा बाँड यांच्या नावावर पेटंट मिळालं, बाल्टिमोरमधल्या कंपनीनं बोर्ड विकायला काढले, आणि पेटंटातही तो खेळ म्हणूनच नोंदवलाय. आमचं चिपळूणचं प्लँचेट याहून सरस होतं. मे महिन्यात माडीवर कॅरम बोर्ड, त्यावर खडूनं मुळाक्षरं, ‘हो’ आणि ‘नाही’, मधे उलटी वाटी. बोरिक पावडर टाकली की वाटी अशी पळायची की आत्म्याला दम लागत असेल. खर्च शून्य.

आणि त्या कॅरमवर ‘ळ’ होता.

हा मुद्दा मी मागवताना लक्षातच घेतला नव्हता. पहिल्या बैठकीला मी, धाकटी जाऊ, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला भाचा, आणि नोंदी घ्यायला आमचे हे. अण्णांना बोलावलं, म्हणजे माझ्या वडिलांना. अण्णांना इंग्रजी उत्तम येत होतं, पण घरात ते फक्त रागावण्यापुरतं वापरायचे. विचारलं, “अण्णा, काही सांगायचंय?” फळकूट फिरलं आणि लिहिलं : के, ए, एल. पुढे ढिम्म.

आता हे काय वाचायचं? काल? काळ? कळ? जाऊ म्हणाली, “काल, म्हणजे काल रात्री ते घरात येऊन गेले.” भाचा म्हणाला, “काळ, म्हणजे वेळ आली कुणाचीतरी,” आणि माझ्याकडे बघून हसला. आमचे हे म्हणाले, “कळ असेल, त्यांचे गुडघे दुखायचे.” अर्धा तास वाद चालला आणि मी भराभर टिपत बसले. कारण तिघांनी अण्णांबद्दल काही सांगितलंच नव्हतं. ज्याची त्याला भीती होती ती बोलून दाखवली होती. लेखकाला बोर्डातून काही मिळालं असेल तर ते हेच, आणि तेही पाटावर अक्षर कमी असल्यामुळे.

मग माझा लोभ वाढला. अण्णांबद्दल मला एक गोष्ट तीस वर्षं विचारायची होती. १९९६ साली त्यांच्या दहाव्याला, वाशिष्ठीच्या काठी, मी हट्टानं गेले होते. पिंड मांडलेले, समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे, आणि एकही खाली येईना. भावानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. धाकटीचं लग्न नीट करू. नाही. घर विकणार नाही. नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते, तेवढ्यात काका पुढे झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “दादा, त्या खेर्डीच्या बाईंचं मी बघतो.”

कावळा उतरला आणि शिवला.

गुरुजींनी पाणी सोडलं, सगळे आंघोळीला गेले. कोण बाई, काय बघायचं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. नंतरही नाही. आईला घरी आल्यावर कुणी सांगितलं की नाही, तेही मला माहीत नाही. काकाही गेले.

तर मी बोर्डाला विचारलं, “खेर्डीच्या बाई कोण?” फळकूट ताडकन निघालं आणि इंग्रजी अक्षरांत एक चार अक्षरी नाव लिहून मोकळं झालं. जाऊ एकदम गप्प झाली. भाच्यानं मोबाइल काढून दाखवलं : ती रोज साडेसातला जी मालिका बघते, त्यातल्या खलनायिकेचं ते नाव. जाऊ शपथेवर सांगत होती की तिनं ढकललं नाही, आणि मला ते खरं वाटतं. मायकेल फॅरडेनं १८५३ सालीच आत्म्यांच्या नावानं टेबल हलवणाऱ्या मंडळींवर प्रयोग करून दाखवलं होतं : हातच टेबलाला ढकलतात, आणि ढकलणाऱ्या प्रामाणिक माणसाला त्याचा पत्ता नसतो. आम्हीही करून बघितलं. तिघांचे डोळे ओढण्यांनी बांधले, ह्यांनी पाट गुपचूप उलटा फिरवला. विचारलं, “अण्णा, आहात का?” फळकूट आत्मविश्वासानं जिथे मघाशी ‘येस’ होतं त्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे आता आकडे होते.

पण माझी खरी नाराजी फसवेगिरीवर नाही. अशा पाटातून साहित्यही निघालंय. अमेरिकेत सेंट लुईसच्या पर्ल करन या गृहिणीनं १९१३ पासून अशाच पाटावरून सतराव्या शतकातल्या एका इंग्रज बाईच्या नावानं कविता आणि कादंबऱ्या सांगितल्या, आणि त्या काळी त्यांचं कौतुकही झालं. तिच्यासोबत पाटावर बसणाऱ्या मैत्रिणीनं पुढे १९१७ मध्ये, १९१० साली वारलेल्या मार्क ट्वेनची म्हणून एक कादंबरी छापली. प्रकरण कोर्टात गेलं आणि पुस्तक मागे घ्यावं लागलं. मेलेल्या लेखकाचं मानधन कुणाला द्यायचं, हा प्रश्न आमच्या दिवाळी अंकवाल्यांना फार आवडेल. ते जिवंतांचंही देत नाहीत.

माझी नाराजी अशी की बोर्डावरचं भूत विचारलं की सांगतं. मी सहकारी बँकेत थकबाकी वसुलीत चोवीस वर्षं काढली. आपलं भूत म्हणजे थकबाकीदार नव्हे, उलट येणेकरी. सोडमुंजीआधी गेलेला मुंजा, बाळंतपणात गेलेली हडळ, इस्टेटीत जीव अडकलेला समंध : प्रत्येकाचं काहीतरी येणं राहिलंय, आणि ते किती, हे जिवंतांनी आपापसांत ओळखायचं. कावळा एक शब्द बोलत नाही, म्हणून काकांना बोलावं लागलं. त्याच्या जागी त्या दिवशी काठावर हा पाट असता तर अण्णांनी स्वतःच नाव सांगितलं असतं, आणि काका बिनबोभाट घरी गेले असते. माझ्या कथेच्या पहिल्या खर्ड्यात नेमकं तेच झालं होतं. पान सातवर आत्मा नाव सांगतो आणि आठव्या पानावर करायला काही उरत नाही. संपादकांना कळलं नसतं, मला कळलं.

खर्डा फाडला. नव्या कथेत प्लँचेट नाही. काठ आहे, ऊन आहे, काका आहेत, आणि बाईंना नाव नाही. संपादक म्हणाले, “यात भूत कुठंय?” छापतायत मात्र.

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक ‘के, ए, एल’ला. दुसरा भिंगाला, कारण ते खरंच चांगलं आहे. आमचे हे औषधांच्या पाकिटावरची मुदत त्यातूनच वाचतात. पाट माळ्यावर ठेवलाय. कुणा लिहिणाऱ्याला हवा असेल तर फुकट घेऊन जावा. ‘ळ’ मात्र स्वतः काढून घ्यावा लागेल.