इलेक्ट्रॉनिक तानपुरा: नॉबचा घ्यावा की बटणांचा?

रियाजासाठी स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्यायला गेलं की दोन जाती समोर येतात. एक नॉब फिरवून सूर लावायचा, दुसरा बटणं दाबून पडद्यावर पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठला ते, बघायचा. माझ्याकडे दोन्ही आहेत. नॉबवाला आठ वर्षं, बटणांचा तीन.

दुकानात ऐकाल तर बहुधा बटणांचाच आवडेल. त्यात खऱ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण असतं, त्यामुळे जवारी, म्हणजे तारेचा झणझणीत गुंजारव, खुललेली वाटते. पण स्वस्त यंत्रात साठवणीला जागा मोजकी, म्हणून तोच छोटा तुकडा फिरून फिरून वाजतो. अर्ध्या तासानं मला प्रत्येक फेरीतली तीच लकेर ओळखू यायला लागते. काहींना हे जाणवतही नसेल.

खर्जाला, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ला, दोन्ही तोकडे. काळी एक या पट्टीचा खर्ज म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झ. तीन इंची स्पीकरला तो झेपत नाही. बाहेरचा मोठा स्पीकर जोडला की दोन्ही सुधारतात.

माझं अडलं ते पेटीपाशी, म्हणजे हार्मोनियमपाशी. माझी पेटी जुनी, तिचे सूर किंचित चढे. तानपुऱ्याचा सा १३९ हर्ट्झवर आणि पेटीचा १४१ वर असेल, तर आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो, सेकंदाला अशा दोन लाटा ऐकू येतात. नॉबवर बोट ठेवून अगदी हळू फिरवावं. लाटा मंदावतात, लांबतात आणि एका जागी विरून जातात. तंबोऱ्याच्या तारेवरचा मणी सरकवून सूर बारीक लावताना येतो तोच अनुभव. माझ्या बटणांच्या यंत्रात मात्र प्रत्येक दाबेला आवाज क्षणभर तुटतो आणि तारांची फेरी पुन्हा पहिल्या, पंचमाच्या तारेपासून सुरू होते. सा येईपर्यंत चार-पाच सेकंद जातात आणि आधीचा सूर कानातून निसटलेला असतो. त्यात बटणं कमी ठेवायची म्हणून एकाच बटणाला दोन कामं दिलेली. जरा जास्त वेळ दाबलं गेलं की थेट पुढची पट्टी! रोज सकाळी हे करताना गाण्याआधीच मन विटायचं.

नॉबवाल्याचे दोषही सांगायला हवेत. तापला की माझ्या यंत्राचा सूर लावलेल्या जागेवरून सरकतो, आणि गाणारा नकळत त्याच्याबरोबर सरकतो. म्हणून मी अधूनमधून पेटीचा सा दाबून बघतो. नॉबमध्ये धूळ बसली की खरखर येते. पिशवीतून नेताना तो हलतोच.

पेटी नसेल, किंवा शिकवणीत मुलामुलींसाठी दोन पट्ट्या सारख्या बदलाव्या लागत असतील, तर बटणांचा सोयीचा पडेल. त्याचा सूर पक्का राहतो, पट्ट्या त्याच्या लक्षातही राहतात. रोज पेटीशी जुळवून बसणाऱ्यानं माझ्या मते नॉबचाच घ्यावा. दुकानात जाताना आपल्या पेटीचा सा फोनवर रेकॉर्ड करून न्या, यंत्र त्याच्याशी जुळवून बघा आणि जुळवताना आवाज तुटतो का तेवढं नीट ऐका.