लीजची गाडी विकत घ्यायला गेलो आणि ५,०५,८६० रुपये गेले

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना, तुमची कंपनी कुठल्याही एमआयडीसीत असू द्या. कार लीजवर गाडी असेल आणि राजीनाम्याचा विचार डोक्यात असेल, तर आधी हे वाचा. आकडा लपवत नाही. आधी ४,७०,८६०, नंतर ३५,०००. मिळून ५,०५,८६० रुपये. वर तीच गाडी खऱ्या मालकाकडून पुन्हा विकत घ्यावी लागली, ते वेगळेच.

लीजचं गणित तुम्हाला पाठच असेल. गाडी लीज कंपनीच्या नावावर, भाडं पगारातून टॅक्सच्या आधी कापलं जाणार, १.६ लिटरच्या आतलं इंजिन असलं की सुविधेचं मूल्य म्हणून तेव्हा महिन्याला फक्त १,८०० रुपये उत्पन्नात धरले जायचे, आणि मुदत संपली की करारात ठरलेल्या किमतीला गाडी आपली. माझी गाडी जून २०२१ची. किंमत ११,४०,०००. मुदत ४८ महिने, भाडं २६,४००, शेवटची किंमत ३० टक्के म्हणजे ३,४२,०००. एप्रिल २०२५मध्ये मी वाळूजची नोकरी सोडून शेंद्र्याला आलो. नव्या कंपनीत लीजची सोयच नाही, म्हणजे करार तिकडे वळवणं शक्य नव्हतं. गाडी परत द्यावी तर बाजारात तिला सहज सात लाख येत होते. ३,४२,००० ला मिळणारी गाडी कोण सोडेल? तेव्हा विकत घ्यायची, हे ठरलेलंच होतं.

एचआरच्या एक्झिट मेलमध्ये एक ओळ होती: 'लीज कंपनीचे प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील.' ना नाव, ना नंबर. हे एचआरचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलेलं, तिथं फोन केला तर तिकीट नंबर मिळतो आणि माणूस मिळत नाही. दुसऱ्याच दिवशी संपर्क साधला गेला. शुद्ध, गोड, पुणेरी मराठी. 'सर, आपली गाडी जून एकवीसची, भाडं सव्वीस हजार चारशे, मे आणि जूनचं बाकी आहे, बरोबर?' माझा एम्प्लॉयी कोड त्याला ठाऊक. चॅसीसचे शेवटचे आकडे ठाऊक. शेवटचा दिवस कोणता तेही ठाऊक. आता सांगा, एवढं सगळं ज्याला माहीत आहे तो बाहेरचा आहे असं कोणाच्या मनात येईल? ही माहिती तीनच ठिकाणी होती: कंपनी, ती एजन्सी आणि लीजवाले. तिघांपैकी कुठून फुटली, हे आजपर्यंत मला कोणी सांगितलेलं नाही.

व्हॉट्सअॅपवर सेटलमेंट लेटर आलं. लेटरहेड, लोगो, जीएसटी नंबर, खाली 'हे पत्र संगणकीय असल्याने सहीची आवश्यकता नाही'. जीएसटी नंबर मी सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तो लीज कंपनीचाच निघाला. म्हणजे मी तपासलं नाही असं कोणी म्हणू नये. पण तो नंबर त्यांच्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो, कोणीही उचलून डकवू शकतो. हिशोब असा होता: गाडीचे ३,४२,०००, दोन भाड्यांचे ५२,८००, १८ टक्के जीएसटी ६१,५६०, आरटीओ आणि कागदपत्रांचे १४,५००. बेरीज ४,७०,८६०.

या जीएसटीबद्दल इथंच सांगतो, नाहीतर राहून जाईल. लीज कंपनीने गाडी घेताना जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं नसेल, तर जुनी गाडी विकताना कर पूर्ण किमतीवर लागत नाही, मार्जिनवर लागतो. घसारा वजा जाऊन तिच्या वहीत उरलेली किंमत आणि विक्रीची किंमत यातला जो फरक, त्यावर. फरक उणे असेल तर कर शून्य. जानेवारी २०२५पासून दर सगळ्या जुन्या गाड्यांना १८ टक्के झाला, तेव्हा '१८ टक्के' हा शब्द पेपरात वाचून सगळ्यांच्या कानावर होता, आणि त्या भामट्याने नेमका तोच वापरला. खऱ्या कंपनीचं पत्र पुढे आलं त्यात जीएसटी होता १२,२९१. आरटीओत मालकी बदलायची सरकारी फी काही शेकड्यांत असते. १४,५०० कोणी मागितले तर पावती कशाची देणार, हे आधी विचारा.

आता ती वेळ. रविवारी सकाळी बजाजनगरच्या घरी, चहा समोर, मोबाइलवर आरटीजीएस टाकत होतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०२५पासून आरटीजीएस-एनईएफटी करताना खातेदाराचं नाव पाहता येतं. मी खातं नंबर आणि आयएफएससी टाकला, नाव पाहायचं बटण दाबलं. नाव आलं. पहिला शब्द लीज कंपनीचाच. पुढे मात्र 'प्रायव्हेट लिमिटेड'च्या जागी 'एंटरप्रायजेस'.

बायको मागे उभी होती. ती म्हणाली, 'अहो, हे नाव वेगळंच दिसायलंय की.'

मी त्याला फोन लावला. लावला, हे लक्षात घ्या. पहिल्या रिंगला उचलला. 'सर, अगदी बरोबर पाहिलंत. विकलेल्या गाड्यांची वसुली आमची वेगळी फर्म बघते, नाहीतर भाड्याचा आणि विक्रीचा जीएसटी मिसळतो. आज पाठवलंत तर उद्या मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतील, नाहीतर महिनाअखेरीस फोरक्लोजर चार्ज, म्हणजे करार मुदतीआधी बंद केल्याचा दंड, लागेल.' पटलं. जीएसटी म्हटलं की आपल्या लोकांना काहीही पटतं. बायकोला म्हणालो, 'तुला नाही कळायचं यातलं.' आणि ओटीपी टाकला.

मी क्वालिटीत आहे. सप्लायरचं मटेरियल सर्टिफिकेट खरं की झेरॉक्सवर आकडा खाडाखोड केलेला, हे ओळखण्याचे मला पैसे मिळतात. लॉटमध्ये एका पार्टवर कंपनीचा शिक्का वेगळा दिसला तर मी सगळा लॉट होल्डवर टाकतो, सप्लायर कितीही गोड बोलला तरी. आणि इथं शिक्का वेगळा आहे हे स्क्रीनवर लिहून आलं होतं, घरातल्या माणसाने बोलूनही दाखवलं होतं. रात्री झोप लागत नाही ती पाच लाखांमुळे कमी आणि त्या 'एंटरप्रायजेस'मुळे जास्त. तरीही सांगतो, माझ्या जागी आमच्या प्लांटचा फायनान्स हेड असता तरी त्याने पाठवले असते. पहिला शब्द तोच होता.

दुसरा हप्ता आठवड्याभरात गेला. गाडीवर ई-चलान थकलेत, त्याचं ३५,००० डिपॉझिट, नाव बदललं की परत. समृद्धी महामार्गावर वेगाचं एक चलान माझ्यावर खरंच होतं, आणि त्याने त्याचा फोटो पाठवला. पाठवले पैसे.

मग फॉर्म २९ आणि ३० आले, शिक्क्यासकट. आरटीओत दिले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, 'ही सही छापलेली आहे, पेनाची नाही.' दोन्ही फॉर्मवर सहीचा शेवटचा फराटा हुबेहूब एकाच ठिकाणी तुटलेला होता. मी त्याला फोन केला. बंद. त्याच आठवड्यात खऱ्या लीज कंपनीचं पत्र घरी आलं: करार जूनमध्ये संपतोय, वाहन जमा करावे किंवा खरेदीचा पर्याय कळवावा. खरा माणूस एवढ्या दिवसांत का आला नाही? कारण एजन्सीत माझं तिकीट 'पेंडिंग' पडलेलं. खोटा मात्र दुसऱ्या दिवशी हजर.

आता पुढची कहाणी, जी मला फसवणुकीपेक्षा जास्त झोंबते.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार नोंदली, तिथपर्यंत ठीक. पण पैसे जाऊन आठवडे झालेले, रक्कम चार-पाच खात्यांतून पुढे गेलेली. एका खात्यात ३८,४०० गोठवले गेले. बस. तेही माझ्या हातात आले नाहीत, कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. लक्षात ठेवा, १९३० पहिल्या तासांत लागला तरच त्याचा अर्थ आहे. शंका आली की आधी १९३०, मग भावाला, मग मित्राला.

बँकेत गेलो. मॅनेजर म्हणाले, 'नाव दाखवलं होतं, तुम्ही कन्फर्म केलं.' म्हणजे माझ्या संरक्षणासाठी आणलेली सोय माझ्याविरुद्ध पुरावा झाली. रिझर्व्ह बँकेचं २०१७चं ग्राहकाच्या जबाबदारीचं परिपत्रक मी छापून नेलं होतं. पण ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला लागू होतं. स्वतः ओटीपी टाकला की सगळे हात वर. मी विचारलं, ज्या बँकेने त्या 'एंटरप्रायजेस'चं चालू खातं उघडलं तिने केवायसी कसली केली? उत्तर: 'ते त्या बँकेला विचारा.' त्या बँकेला विचारलं तर उत्तर: 'तुम्ही आमचे ग्राहक नाही.' रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेला लेखी तक्रार आणि ३० दिवस वाट. त्या ३० दिवसांत भामटा सिमकार्ड बदलून दहा जणांना गंडवतो.

पोलीस ठाण्यात तर विचारूच नका. 'पैसे तुम्हीच पाठवलेत ना साहेब? मग हे सिव्हिल व्हायलंय.' सिव्हिल! खोटा लेटरहेड, खोटी सही, खोटा शिक्का, आणि हे सिव्हिल! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, बनावट कागदाची कलमं वेगळी. मी हे बोललो तर त्यांच्या चेहऱ्यावर 'लई शिकून आलेत' असा भाव. मग म्हणाले, हे सायबरचं. सायबरवाले म्हणाले, खातं परराज्यातलं, आणि आधी स्थानिक ठाण्यात नोंदवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. हे तोंडी सांगून काही होत नाही. लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. नोंद नाकारली तर वरिष्ठांना टपालाने, स्पीड पोस्टने. माझा गुन्हा अशा टपालानंतरच नोंदला गेला. तपास अधिकारी चांगला माणूस आहे, पण त्याच्या टेबलावर माझ्यासारख्या फायलींचा ढीग आहे आणि मदतीला एकच शिपाई.

जुनी कंपनी म्हणते, 'आपण आता आमचे कर्मचारी नाहीत.' एजन्सी म्हणते, डेटा सुरक्षित आहे. लीज कंपनी म्हणते, आमच्याकडून गळती नाही, आणि गाडीचे पैसे तर द्यावेच लागतील. कोणी चुकूनही एक शब्द हळहळीचा काढला नाही. ३,४२,००० अधिक ५२,८०० अधिक १२,२९१, म्हणजे ४,०७,०९१. दिले. सोनेतारण करून दिले. न देता गाडी परत केली असती तर चार वर्षं ज्यासाठी भाडं भरलं तेही गेलं असतं.

आणि सासऱ्यांना काय तोंड दाखवू? पतसंस्थेत त्यांची ठेव अडकली तेव्हा मीच त्यांना दोन तास व्याख्यान दिलं होतं की कागद वाचायचा असतो, नाव पाहायचं असतं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

काही गोष्टी, जशा आठवतात तशा. पैसे पाठवायचा खातं नंबर करारातून किंवा महिन्याच्या बिलातून घ्या, फोनवर आलेला घेऊ नका. फोन करायचा तर करारावरच्या नंबरवर. विक्रीचं बिल कंपनीच्या नोंदलेल्या ईमेलवरून आधी मागा, मग पैसे. 'आज नाहीतर चार्ज लागेल' म्हटलं की फोन ठेवा. राजीनामा देण्याआधीच लीज कंपनीकडून करार बंद करायचा (क्लोजरचा) आकडा लेखी घेऊन ठेवा, तुम्ही नोकरीत असताना एचआर निदान उत्तर देतं. ई-चलान सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरा, त्याचं डिपॉझिट वगैरे काही नसतं. विमा लीज कंपनीच्या नावावर असतो, नो क्लेम बोनस तिचा. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही बदलून घ्या. आणि आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत गाडी कोणाला चालवायला देऊ नका. त्या काळात अपघात झाला तर विमा, मालक आणि तुम्ही, तिघांची खेचाखेची.

जिल्हा ग्राहक आयोगात लीज कंपनी आणि एजन्सीविरुद्ध तक्रार तयार करतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही, पण ती मोजतात आपण दिलेल्या किमतीवर, आणि वकील म्हणतात चार वर्षांचं भाडं त्यात धरतील. बघू. ऑनलाइन अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर होतो.

एप्रिल ते जून २०२५ या काळात आपल्या भागात कोणाला लीजच्या गाडीसाठी असाच फोन आला असेल, पैसे दिले असोत वा नसोत, ते व्हॉट्सअॅप आणि ती पीडीएफ पुसू नका. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये ती बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख बऱ्याचदा राहून जाते. माझ्या पत्रात एक नाव राहिलंय, ते मी तपास अधिकाऱ्याला दिलंय. तुमच्या पत्रातही तेच नाव असेल, तर तुमच्या भागातल्या ठाण्यात अर्ज द्या आणि १९३०च्या तक्रारीत ते नाव लिहा.