पॉइंट भाड्याने दिले, भाडेकरूने ट्रिप रद्द केली: वर्षभर वापरलेली परताव्याची पद्धत

आमच्याकडे डिस्ने व्हेकेशन क्लबचे पॉइंट आहेत. सभासदांना ते दर वर्षी मिळतात आणि त्यांवर डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये खोली बुक करता येते. मुलं कॉलेजला गेल्यापासून ते सगळे वापरून होत नाहीत, म्हणून उरलेले ओळखीपाळखीत भाड्याने देतो, म्हणजे पैसे घेऊन त्या पॉइंटांवर दुसऱ्यासाठी खोली बुक करतो. क्लबला धंदा म्हणून भाडं चालत नाही, पण असं अधूनमधून दिलेलं चालतं.

बहुतेक मालकांच्या करारात एकच ओळ असते: रद्द केलंत तर काहीही परत नाही. सोयीची आहे, पण मला ती पटत नाही, कारण मालकाचं नुकसान दर वेळी सारखं नसतं. आमचं पॉइंटांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं. पहिल्या आठ महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, पॉइंट पुढच्या वर्षात टाकता येतात. मे महिन्यात कुणी ऑगस्टची ट्रिप रद्द केली तर माझं जातं काय? थोडा वेळ. अशा वेळी किरकोळ रक्कम कापून बाकी सगळं परत देतो. मात्र आधीच पुढे ढकललेले पॉइंट पुन्हा ढकलता येत नाहीत, त्यामुळे बुकिंग कुठल्या पॉइंटांवर आहे हे करारातच लिहितो.

सप्टेंबर उलटला की गणित बदलतं. त्यातून मुक्कामाला 30 दिवसांपेक्षा कमी उरले असताना रद्द केलं, तर पॉइंट होल्डिंगमध्ये जातात आणि त्यांवर पुढच्या 60 दिवसांच्या आतलंच बुकिंग मिळतं. इथे माझा नियम असा: दुसरा भाडेकरू जेवढे देईल तेवढे तुमचे, कुणीच नाही मिळाला तर शून्य.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे बुकिंग लगेच रद्द न करणं. डिसेंबरच्या सुट्टीतली खोली अकरा महिने आधी धरलेली असते. सोडली की परत मिळणं कठीण. त्यापेक्षा तीच खोली, त्याच तारखा दुसऱ्याला द्यायच्या आणि पाहुण्याचं नाव बदलायचं. क्लबशी बोलणं मालकालाच करावं लागतं, पण गिऱ्हाईक शोधायला मी जुन्या भाडेकरूलाही लावतो. पैसे त्याचेच अडकलेले असल्यामुळे तो माझ्यापेक्षा जोरात शोधतो!

त्रास आहेच. नवीन भाडं ठरेपर्यंत पैसे माझ्याकडे राहतात, आणि तोवर रोज मेसेज. "इतक्या स्वस्तात का दिलंत?" हा प्रश्न तर ठरलेला, म्हणून आलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट न मागता पाठवतो. आपली माणसं जास्त अवघड. "अहो दादा, आपल्यातलेच ना तुम्ही?" असं एका वहिनींनी म्हटल्यावर त्यांना कराराचा परिच्छेद दाखवणं जिवावर आलं होतं. तरी दाखवला. एकाला सूट दिली की न मागणाऱ्यावर अन्याय होतो.

वादळाचं कलम मात्र मी मुद्दाम कडक ठेवलंय. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन चक्रीवादळ आलं तेव्हा ऑरलँडोची डिस्ने पार्क 10 तारखेला बंद होती. अशा वेळी नवीन भाडेकरू कुठून आणणार? म्हणून पैसे घेण्याआधीच प्रवास विमा काढायला सांगतो, तोही लगेच, कारण वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी कामाचा नसतो. कुणी नको म्हटलं तर तसं लेखी घेतो.

वर्षाला एखादंच बुकिंग देणाऱ्याने एवढा खटाटोप करू नये. मध्यस्थ कंपनीकडे द्यावं, भाव थोडा कमी मिळेल. बाकीच्यांनी करार लिहायच्या आधी आपली पॉइंट पुढे टाकायची शेवटची तारीख तपासावी आणि तीच करारात पहिल्या ओळीत घालावी.