सिस्टम्स थिंकिंगची तोंडओळख : एका ओपन इलेक्टिव्ह अभ्यासक्रमाचे परीक्षण

पुण्यातील एका महाविद्यालयात गेल्या सत्रात मी ‘सिस्टम्स थिंकिंग’ (एखाद्या व्यवस्थेतील घटक एकमेकांवर कसे परिणाम करतात हे एकत्रित पाहण्याची पद्धत) या विषयाची तोंडओळख करून देणारा ओपन इलेक्टिव्ह अभ्यासक्रम पूर्ण केला. २ क्रेडिटचा, म्हणजे ३० तासांचा हा विषय कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेता येतो आणि त्यासाठी दहावीपर्यंतचे गणित पुरते. पुढील वर्षी तो निवडण्याच्या विचारात असलेल्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. विषय नक्की घ्यावा असा आहे आणि तो मनापासून शिकवला जातो. मात्र आकृती काढून झाली की अभ्यासक्रम तिथेच थांबतो, आणि ती आकृती आकडे घालून पडताळण्याची जी पायरी या शास्त्राचा गाभा आहे, तीच गाळली जाते.

सुरुवात साठा आणि प्रवाह यांपासून होते. टाकीत येणारे पाणी कमी झाले, तरी ते जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असेल तोवर टाकीची पातळी वाढतच राहते. हे इतके उघड वाटते की पहिल्याच आठवड्यात काहींनी विषय बदलण्याचा विचार सुरू केला. परंतु लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टरमन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एमआयटीचे (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) विद्यार्थीदेखील अशाच साध्या प्रश्नांत मोठ्या संख्येने चुकल्याचे आढळले होते. आम्हांला शिकवणाऱ्या बाईंनी हा दाखला देऊन लगेच विचारले, की जगाचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन आजच्या पातळीवर स्थिर झाले, तर हवेतील त्याचे प्रमाण काय होईल? वर्गातील बहुतेकांनी ‘स्थिर होईल’ असे उत्तर दिले. उत्सर्जन ही आवक आहे, आणि जमीन व समुद्र जेवढे शोषून घेतात त्यापेक्षा ती बरीच जास्त असल्यामुळे प्रमाण वाढतच राहील, हे फळ्यावर मांडून दाखवल्यानंतर विषय बदलण्याची भाषा कोणी केली नाही.

अभ्यासक्रमातील सर्वांत चांगला भाग म्हणजे ‘बिअर गेम’. एमआयटीत तयार झालेला हा खेळ जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत खेळला जातो. किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागा एका रांगेत मांडलेल्या असतात. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ खोक्यांचा साठा असतो, मागणीची चिठ्ठी पुढे पोहोचायला आणि माल परत यायला काही आठवडे लागतात, आणि आपापसांत बोलायला मनाई असते. ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे ४ खोकी असते, पाचव्या आठवड्यापासून ती ८ होते आणि अखेरपर्यंत ८ राहते. बदल फक्त एवढाच. तरीही आमच्या रांगेत कारखान्यापर्यंत पोहोचलेली मागणी एका टप्प्यावर ४०च्या वर गेली आणि पुढे कित्येक आठवडे शून्यावर आली. खेळ संपल्यावर, ग्राहकाची मागणी कशी बदलली असेल याचा आलेख प्रत्येकाला अंदाजाने काढायला सांगितला. कारखान्यावर बसलेल्या मुलाने मोठमोठ्या लाटा काढल्या होत्या आणि प्रत्यक्षातली ती एकच पायरी पाहून तो बराच वेळ आपल्या नोंदवहीची पाने उलटत राहिला. माणसे हुशार असूनही रचनेतील विलंबामुळे गोंधळ कसा माजतो, हे व्याख्यानातून इतके पटले नसते.

पुढे कार्यकारण-चक्रांच्या आकृत्या येतात. बाईंनी कांद्याचे उदाहरण घेतले, हे मला विशेष आवडले, कारण तोपर्यंतची बहुतेक उदाहरणे परदेशी होती. भाव वाढला की लागवड वाढते, लागवड वाढली की आवक वाढते, आवक वाढली की भाव पडतो, असे चक्र त्यांनी फळ्यावर काढले. तेव्हा आमच्या गटातील निफाडच्या मैत्रिणीने विचारले, “मॅडम, चाळीतला कांदा यात कुठे दाखवायचा?” उन्हाळी कांदा काढणीनंतर काही महिने चाळीत ठेवता येतो, शेतकरी तो भावाच्या अपेक्षेने राखून ठेवतो, त्यातला काही सडतो, काहीचे वजन घटते. म्हणजे शेत आणि बाजार यांच्यामध्ये एक मोठा साठा आहे, आणि तो दाखवल्याशिवाय आवक कधी वाढेल हे त्या आकृतीवरून सांगताच येत नाही. बाईंनी आनंदाने फळा पुसला आणि तिला पुढे बोलावून चाळ, खरीप, रांगडा व उन्हाळी असे सगळे नव्याने मांडून घेतले. संपूर्ण सत्रातील हा सर्वांत जिवंत तास होता.

पण पुढच्याच तासाला आम्ही ‘तात्पुरता उपाय अंगाशी येणे’, ‘जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे’ अशा, व्यवस्थांमध्ये वारंवार दिसणाऱ्या ठरावीक साच्यांच्या व्याख्यांकडे वळलो. कांद्याच्या आकृतीत लागवड, सड, विक्री यांचे अंदाजे आकडे घालून भाव खरोखरच वरखाली होतो का, हे पाहिले गेले नाही. संगणक प्रयोगशाळा मिळत नाही, असे कारण सांगण्यात आले. ते मला पटत नाही. साठा-प्रवाहांचा आकड्यांनिशी अभ्यास करणाऱ्या ‘सिस्टम डायनॅमिक्स’ या शाखेचे जनक जे फॉरेस्टर १९५६ साली एमआयटीच्या व्यवस्थापन विभागात आले, तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतील कारखान्यात कधी जादा पाळ्या, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांची कपात असे का घडते, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. वहीच्या पानावर साठा, कामगार आणि मागण्या असे रकाने आखून त्यांनी आठवड्यामागून आठवडा हाताने हिशेब केला आणि बाहेरची मागणी स्थिर असली तरी कारखान्याच्या स्वतःच्या निर्णयपद्धतीमुळे असे चढउतार होऊ शकतात, हे दाखवले. कागद-पेन्सिलीवर जे शक्य होते ते आज एक्सेलमध्ये कोणालाही करता येईल, आणि अशी प्रतिमाने (मॉडेल) चालवणाऱ्या व्हेनसिम या सॉफ्टवेअरची शिक्षणासाठीची आवृत्ती तर मोफत मिळते.

आकड्यांचा हाच अभाव इतरत्रही जाणवतो. क्लब ऑफ रोम या आंतरराष्ट्रीय विचारगटासाठी एमआयटीच्या गटाने तयार केलेल्या, जगाची लोकसंख्या, उद्योग आणि साधनसंपत्ती यांच्या वाटचालीच्या १९७२ च्या जागतिक प्रतिमानाला एकच तास मिळाला, आणि तोही भाकीत खरे ठरले की खोटे या वादात गेला. वेगवेगळी गृहीतके धरल्यास काय घडेल याची ती चित्रे आहेत, हे शेवटच्या पाच मिनिटांत सांगितले गेले. सत्रांत परीक्षेत पर्यायी उत्तरांचे प्रश्न आणि व्याख्या होत्या. अंतर्गत मूल्यमापनातील गटप्रकल्प बरा होता, पण गुण आकृतीच्या नीटनेटकेपणाला जास्त आणि तिच्यामागच्या पुराव्याला कमी मिळाले.

एवढे असूनही वाणिज्य, कृषी, समाजकार्य आणि नगरनियोजन यांकडे जाऊ पाहणाऱ्यांनी हा विषय अवश्य घ्यावा. अभियांत्रिकीकडचा ओढा असलेल्यांना तो अपुरा वाटेल. नावनोंदणीपूर्वी विभागात जाऊन दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : बिअर गेम प्रत्यक्ष खेळवला जातो का, आणि प्रकल्पात निदान एक प्रतिमान आकड्यांसह चालवून दाखवावे लागते का. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले, तर प्रकल्पाच्या विषयासोबतच आकड्यांसह प्रतिमान चालवण्याची परवानगी पहिल्या महिन्यातच मागून घ्यावी; आमच्या बाई अशा विनंतीला नाही म्हणणाऱ्या नाहीत.