‘रायगडाखाली सापडलेले होन’: माझे 3,84,000 बुडाले, तुमचे वाचवा

एकूण 3,84,000 रुपये. तीन लाख रोख, 84,000 गूगल पेने. बदल्यात होन, म्हणजे शिवरायांची सोन्याची नाणी, म्हणून गळ्यात मारलेल्या चोवीस पितळी चकत्या. शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, मी कॉलेजपासून जमवतोय, त्यातली दुदांडी (दोन आडव्या रेघांची) कुठली ते बोटाने चाचपून सांगेन. तेव्हा ‘लोभी होता, बरं झालं’ म्हणायची घाई करू नका.

पद्धत ठरलेलीच, पहिलं नाणं खऱ्या सोन्याचं. रायगडाखाली होन सापडतायत म्हणणाऱ्या एकाने 20,000ला एक होन दिला. सराफाने मशीनवर तपासला, बावीस कॅरेट. वजन 2.8 ग्रॅम, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं कडं. मेटल डिटेक्टरवर अजून निघतायत, या आणि डोळ्यांनी बघा, म्हणाला.

गेलो. भर मे महिना. तिथली जमीन अशी की टिकाव मारला तर ठिणगी उडावी. डिटेक्टर कुंई कुंई ओरडला, त्याने साधं खुरपं घातलं आणि ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. वीतभर खाली होन. माती भुसभुशीत, वरचं वाळकं गवत मुळासकट हातात आलेलं. आदल्या रात्री पुरलेला होता, दुसरं काय! मी बघत होतो त्या खुरप्याकडेच. पण समोर शिवरायांचा होन चमकत असताना माती कोण तपासतो? तुम्ही तपासली असती?

बाकीचे चोवीस अंधारात, गाडीत, मोबाईलच्या उजेडात घेतले. घरी भिंगाखाली ठेवले तर सगळ्यांवर अक्षरं अगदी मधोमध. हाताने ठोकलेल्या नाण्यात छाप सरकतो, कुठे ‘श्री’ कापला जातो, कुठे कडं. कडेला साच्याची रेघही दिसली. आणि भाव? खरा होन लिलावात लाखांत जातो, हा मला 16,000ला देत होता. मला वाटलं, बिचाऱ्याला किंमत ठाऊक नाही.

आता पोलीस. आमच्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार झाला त्या तालुक्यात जा. तिथले म्हणाले, पैसे तुमच्या शहरातल्या खात्यातून गेले, तिकडेच करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173प्रमाणे हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवावा लागतो, हे छापून नेलं; साहेबांनी कागद उलटा करून त्यावर चहाचा ग्लास ठेवला. दुसऱ्याने दम भरला: दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, 1878चा कायदा आहे, शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे पुरावशेष, तुमच्यावरच केस होईल. अहो, पण नाणी खोटी आहेत ना! खोटी आहेत म्हणून गुप्तधन नाही, आणि गुप्तधन आहे म्हणून तक्रार नाही? बँकेने तर ‘तुम्हीच पिन टाकलात’ म्हणून विषय संपवला.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, मी तीन दिवस लाजेपायी गप्प बसलो. गाडीत सौदा करू नका. ढिगातलं नाणं आपण निवडून सराफाकडे न्या, त्याने दिलेलं नको. आणि गडाच्या आसपास डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला आधी परवानगीचा कागद मागा, तिथेच पळेल.

परवा ठाण्यातून फोन आला, चकत्या मुद्देमाल म्हणून जमा करा. गुन्हा अजून नोंदलेला नाही, पावती देणार नाहीत म्हणे. मीही देणार नाही.